सम्राटाच्या मनगटावरचा ससाणा

१८ फेब्रुवारी १२४८ ची सकाळ. उत्तर इटलीतल्या पार्मा शहराला वेढा पडून सात-आठ महिने झाले होते. वेढा घालणारा सम्राट दुसरा फ्रेडरिक इतका निर्धास्त होता, की शहरासमोर त्यानं आपल्या छावणीचं एक गावच वसवलं होतं आणि त्याला नाव दिलं होतं व्हित्तोरिया, म्हणजे विजय. बारशाला बाळ जन्मायची वाट पाहतात. इथं तेवढाही धीर नव्हता. त्या सकाळी सम्राट मनगटावर ससाणा घेऊन शिकारीला निघून गेला. ही संधी साधून उपासमारीनं कावलेले पार्माचे लोक वेशीबाहेर पडले आणि त्यांनी छावणी लुटून जाळून टाकली. सम्राट परतला तो धुराकडे पाहतच. खजिना गेला, मुकुट गेला आणि एक ग्रंथही गेला.

मुकुट सोनार पुन्हा घडवून देतो. पण तो ग्रंथ फ्रेडरिकच्या सुमारे तीस वर्षांच्या निरीक्षणाचा होता, आणि त्याचा विषय होता पक्ष्यांकरवी शिकार करण्याची कला. ज्या छंदापायी छावणी गेली, त्याच छंदाचं शास्त्र तिच्याबरोबर गेलं.

राजानं अशा विषयावर लिहावं याचं आपल्याला फार नवल वाटायला नको. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वरानं बाराव्या शतकातच ‘मानसोल्लासा’त राजाच्या करमणुकींमध्ये श्येनविनोदाला, म्हणजे ससाण्याच्या शिकारीला, जागा दिली होती. फरक असा, की सोमेश्वरानं राजाला ठाऊक असाव्या अशा असंख्य गोष्टी सांगितल्या. फ्रेडरिक एकाच गोष्टीच्या तळाशी गेला.

त्याचा जन्म २६ डिसेंबर १११४ चा नव्हे, तर ११९४ चा. हे मुद्दाम सांगायचं, कारण त्याच्या आईचं वय तेव्हा चाळीस होतं आणि तेवढ्यावरून लोकांनी नाना शंका काढल्या होत्या. तिनं येसी गावच्या चौकात तंबू ठोकून, गावातल्या बायकांच्या देखत बाळाला जन्म दिला, अशी दंतकथा त्यातूनच निघाली. तो तीन वर्षांचा होण्याआधी बाप वारला, चार वर्षांचा होण्याआधी आई. मध्यंतरी सिसिलीचा मुकुट त्याच्या डोक्यावर ठेवून झाला होता. पोप पालक झाले, पण ते रोमला. पालेर्मोच्या राजवाड्यात सरदार एकमेकांच्या हातून सत्ता हिसकावत होते आणि हा पोरका राजा त्यांच्या हातातली सोंगटी होऊन वाढत होता. त्या शहरात अरबी, ग्रीक आणि लॅटिन या तिन्ही भाषा कानांवर पडत. चौदाव्या वर्षी तो सज्ञान ठरला. १२२० मध्ये रोमला त्याला सम्राटपदाचा अभिषेक झाला. १२२४ मध्ये त्यानं नेपल्सचं विद्यापीठ काढलं. राज्यकारभाराच्या बाकी खटपटी इथं सांगत बसत नाही. त्या इतिहासाच्या कुठल्याही पुस्तकात सापडतील.

ससाण्याचं मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण माणूस तिथं उमगतो.

कुत्रा माणसाला लागतो, घोडा लागतो. ससाणा लागत नाही. तो एकट्यानं जगणारा. मालक ही कल्पनाच त्याच्या डोक्यात नसते. मारून-झोडून तर त्याला काहीच शिकवता येत नाही, उलट तो कायमचा बिथरतो. फ्रेडरिकला या शिकारीचं मोठेपण वाटे ते नेमकं इथं. जाळी लावून किंवा कुत्री सोडून कोणीही शिकार करील. पण जो पक्षी स्वभावतः माणसापासून दूर पळतो त्याला आकाशात मोकळा सोडायचा आणि त्यानं आपण होऊन मनगटावर परत यायचं, याला विद्या लागते.

ती विद्या तो अगदी नवशिक्याला सांगावी तशी सांगतो. पक्षी पकडला की त्याच्या खालच्या पापण्यांतून दोरा ओवून त्या वर ओढून बांधायच्या, म्हणजे भय वाटायला काही दिसतच नाही. वाचताना अंगावर काटा येतो, पण युरोपात तीच रीत होती. पायांत चामड्याच्या वाद्या, पायाला घुंगरू. मग अंधाऱ्या खोलीत, हातमोजा घातलेल्या हातावर त्याला घेऊन दिवसच्या दिवस, रात्रीच्या रात्री वावरायचं. घास भरवताना दर वेळी तोंडानं एकच ठरावीक सूर काढायचा, म्हणजे सूर आणि अन्न यांची सांगड बसते. पक्षी फडफडून उसळला तर तोंडात पाणी घेऊन त्याच्यावर हलका फवारा मारायचा. पापण्यांचा दोरा हळूहळू सैल करायचा, मग उजेड, मग माणसं, मग घोड्याची पाठ. क्रौंचाच्या शिकारीसाठी क्रौंचाचेच पंख बांधून केलेलं आमिष दाखवून बोलवायला शिकवायचं. सगळं गणित भुकेचं. पोट भरलेला ससाणा उडाला की उडालाच, आणि फार उपाशी ठेवला तर पंखांत बळ राहत नाही. प्रेमानं परत येतो म्हणाल तर तसं काही नसतं.

शिक्षा खरी शिकवणाऱ्यालाच. त्याची झोप सावध हवी, रात्री घुंगरू वाजलं तर कळायला हवं. तो खादाड नको, दारुडा नको आणि रागीट तर मुळीच नको.

डोळे शिवण्याला पर्याय असलेली चामड्याची टोपी फ्रेडरिकनं अरबांकडून घेतली आणि तिला हवेसाठी छिद्रं पाडून सुधारली. पूर्वेचं हे ऋण त्यानं ग्रंथात मोकळेपणानं मान्य केलं आहे. अरबस्तानातून जाणकार बोलावले, अरबी ग्रंथाचं लॅटिन भाषांतर करवलं आणि फाएन्झाच्या वेढ्यात बसून ते स्वतः तपासलं. अॅरिस्टॉटलला सारा युरोप प्रमाण मानत होता. फ्रेडरिकनं म्हटलं की या गृहस्थानं पक्ष्यांकरवी शिकार केलेली दिसत नाही, बरंचसं ऐकीव लिहिलं आहे. गिधाड वासावर येतं की नजरेवर, हे पाहायला त्यानं गिधाडांचे डोळे झाकून पुढ्यात मांस ठेवलं. त्यांना पत्ता लागला नाही. उत्तरेकडचे काही हंस लाकडाला लागलेल्या शिंपल्यांतून जन्मतात असा समज होता. त्यानं माणसं पाठवून ती लाकडं आणवली, शिंपले पाहिले, पक्ष्याचा मागमूस नव्हता.

बँकेत असताना तारण मालाची गोदामं तपासायचं काम माझ्याकडे असे. पुढच्या रांगेतली पोती उघडून पाहायची आणि मागच्या रांगांवर विश्वास टाकायचा, अशी सर्वसाधारण रीत. एकदा मागचं पोतं फोडलं तर आत भुसा निघाला. फ्रेडरिक मागच्या रांगेपासून सुरुवात करणारा माणूस होता.

ससाण्यापाशी शिकलेला धीर त्याला राजकारणात एकदा फार उपयोगी पडला. पोपनं बहिष्कृत केलेल्या अवस्थेतच तो १२२८ मध्ये धर्मयुद्धाला गेला आणि इजिप्तचा सुलतान अल-कामिल याच्याशी वाटाघाटी करून, लढाई न करता, १२२९ मध्ये दहा वर्षांच्या तहानं जेरुसलेम मिळवलं. मुसलमानांची पवित्र स्थानं त्यांच्याकडेच राहिली. दोन्हीकडचे लोक चिडले. परतीच्या जहाजावर चढताना आक्रा बंदरात खाटकांनी त्याच्यावर आतडी फेकली.

पण माणसांशी तो नेहमीच असा वागला, असं मला म्हणवत नाही. सिसिलीतल्या बंडखोर मुसलमानांना त्यानं हजारोंनी उचलून इटलीतल्या लुचेरा इथं नेऊन वसवलं. आणि पार्माच्या पराभवानंतर, १२४९ मध्ये, वर्षानुवर्षं उजवा हात असलेल्या पिएर देल्ला विन्या या मंत्र्याला फितुरीच्या आरोपावरून पकडून त्याचे डोळे काढवले. रागीट माणसाच्या हाती पक्षी देऊ नये, हे ज्यानं लिहिलं त्याच्याच हातून हे झालं. त्याच साली लाडका मुलगा एन्झो बोलोन्याच्या लोकांच्या हाती सापडला, तो मरेपर्यंत, तेवीस वर्षं, कैदेतच राहिला.

१३ डिसेंबर १२५० रोजी, छप्पन्नावं वर्ष पुरं व्हायला दोन आठवडे उरले असताना, अपुलियात फ्रेडरिक वारला. पालेर्मोच्या कॅथेड्रलमध्ये लाल दगडाच्या पेटीत त्याला ठेवलं आहे.

पार्माला लुटलेली ती देखणी प्रत पुढं मिलानच्या एका माणसाकडे निघाली. त्यानं ती आंजूच्या चार्ल्सला देऊ केली. त्यानंतर तिचा ठावठिकाणा नाही. याच चार्ल्सशी लढताना १२६६ मध्ये बेनेव्हेन्तोला फ्रेडरिकचा मुलगा मॅन्फ्रेड मारला गेला. पण मरण्यापूर्वी मॅन्फ्रेडनं एक काम करून ठेवलं होतं. बापाची टिपणं, सुटे कागद गोळा करून त्यानं ग्रंथाच्या पहिल्या दोन भागांची नवी प्रत तयार करवली. ती आज व्हॅटिकनच्या ग्रंथालयात आहे. पानांच्या कडांना नऊशेंहून अधिक पक्षी काढलेले आहेत; त्यांत सुलतानानं भेट दिलेला पांढरा काकाकुवाही आहे. जिथं मजकूर तुटलेला वाटला तिथं मॅन्फ्रेडनं स्वतःची भर घातली, आणि बापाच्या शब्दांत आपले शब्द मिसळू नयेत म्हणून अशा प्रत्येक ठिकाणी आधी ‘राजा’ असा शब्द लिहवून घेतला.