कोठडीतला नाताळ

नाताळ म्हटला की गव्हाणीतले बाळ, दिव्यांची आरास आणि मध्यरात्रीचा घंटानाद डोळ्यांसमोर येतो. आज आम्ही वाचकांना एका निराळ्या नाताळाकडे नेणार आहोत. स्थळ बर्लिनमधील टेगेलचा तुरुंग, वर्ष १९४३. शहरावर बॉम्बवर्षाव चालू होता. कोठडीत अडकलेल्या कैद्यांना पळून आडोसा गाठण्याचीही सोय नव्हती. अशा वेळी त्यांच्यातलाच एक सदतीस वर्षांचा बंदिवान इतरांसाठी सकाळच्या, रात्रीच्या आणि संकटकाळच्या प्रार्थना लिहीत होता. त्याचे नाव डीट्रिख बोनहोफर.

४ फेब्रुवारी १९०६ रोजी ब्रेस्लाउ येथे एका विद्यासंपन्न घराण्यात त्याचा जन्म झाला. वडील नामांकित मनोविकारतज्ज्ञ. मुलाने मात्र धर्मशास्त्राची वाट धरली आणि एकविसाव्या वर्षी त्यात डॉक्टरेट मिळविली. जानेवारी १९३३ मध्ये, हिटलर सत्तेवर येण्यास अवघे दोन आठवडे उरले असता, या तरुण धर्मोपदेशकाने बर्लिनमध्ये जे प्रवचन केले, त्याचा विषयच भय हा होता. भर सरोवरात वादळ उठले आहे, नावेत पाणी शिरत आहे, शिष्य गर्भगळित झाले आहेत आणि प्रभू येशू शांत निजला आहे, ही शुभवर्तमानातील कथा त्याने निरूपणास घेतली. आपल्या गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीची गणना अभयापासूनच सुरू होते, हे येथे सहज आठवते.

पुढे हिटलरशाहीने चर्चलाही आपल्या दावणीला बांधू पाहिले. बोनहोफरने त्यास उघड विरोध केला आणि छळ सोसणाऱ्या ज्यूंची बाजू घेतली. गांधीजींपासून अहिंसक प्रतिकार शिकावा, अशी त्याची फार इच्छा होती. १९३४ साली गांधीजींनी त्याला आश्रमात येण्याचे निमंत्रणही दिले. परंतु विरोधी चर्चसाठी धर्मोपदेशक घडविण्याचे काम त्याच्यावर आले आणि भेट राहून गेली. ती झाली असती तर, असे आम्हांला राहून राहून वाटते.

१९३९ च्या जूनमध्ये तो अमेरिकेत सुरक्षित पोहोचला होता. मित्रांनी त्याच्यासाठी तेथे कामही पाहून ठेवले होते. पण स्वदेशाच्या संकटात सहभागी न होता नंतर तिच्या पुनर्रचनेत भाग घेण्याचा आपणांस अधिकार उरणार नाही, असे त्याच्या मनाने घेतले आणि महिन्याभरातच तो परतला. हिटलरला दूर करू पाहणाऱ्या गुप्त कटात तो सामील झाला. धर्मोपदेशकाने हत्येच्या कटात असावे काय? हा प्रश्न आम्हांलाही अवघड वाटतो. बोनहोफरने स्वतःस निर्दोष म्हणवून तो कधी टाळला नाही. त्यातला दोष तो आपल्या माथी घेत होता.

५ एप्रिल १९४३ रोजी त्याला अटक झाली. मारिया या तरुणीशी त्याचा वाङ्‌निश्चय होऊन जेमतेम तीन महिने झाले होते. आरंभीच्या दिवसांत आत्मघाताचा विचारही त्याच्या मनाला शिवून गेला. इतर कैदी त्याच्या धीराकडे पाहून सावरत. तो मात्र एका कवितेत, बाहेरून शांत दिसणारा मी खरा की आतून कासावीस होणारा, असे स्वतःलाच विचारीत होता. त्याचे हे प्रांजळपणच आम्हांला अधिक मोलाचे वाटते. भय त्याला होतेच. पहाटेच्या प्रार्थनेत ते तो देवापुढे ठेवी आणि दिवसाच्या कामाला लागे.

१९४४ च्या शरदात एका पहारेकऱ्याच्या साह्याने निसटून जाण्याचा बेत ठरला होता. इतक्यात भाऊ क्लाउस पकडला गेला. आपण पळालो तर सूड घरच्या माणसांवर उगवला जाईल, हे जाणून त्याने तो बेत सोडून दिला.

८ एप्रिल १९४५ रोजी वाटेतल्या एका गावी त्याने सोबतच्या बंदिवानांसाठी उपासना चालविली. ती आटोपते तोच त्याला बोलावणे आले. दुसऱ्या दिवशी पहाटे फ्लॉसेनबुर्गच्या छावणीत त्याला फाशी देण्यात आले. दोन आठवड्यांनी अमेरिकन फौजा तेथे पोहोचल्या. क्लाउसही त्याच महिन्यात मारला गेला. बर्लिनमध्ये वृद्ध आईवडील डीट्रिखची वाट पाहत होते. २७ जुलैला लंडनहून रेडिओवर एक स्मरणोपासना प्रक्षेपित झाली. ती आपल्याच मुलासाठी आहे, हे ऐकताना त्यांना कळले.