पंडिता रमाबाई आणि आईची भाकर

वडोदऱ्याजवळच्या पादऱ्यात आज भाजीपाल्याचा मोठा बाजार भरतो. पण याच मुलखाने इ. स. १८९९-१९०० चा दुष्काळ सोसला आहे. तेव्हा संवत १९५६ चालू होते, म्हणून गुजरातेत त्यास छप्पनियो म्हणतात. त्या वेळी तिकडील उपाशी मुलींना व स्त्रियांना पंडिता रमाबाईंनी केडगावी आसरा दिला, हे आपण शब्बाथशाळेत सांगतो. ही कळकळ त्यांस कोठून आली, हे सांगावयाचे मात्र पुष्कळदा राहून जाते.

रमाबाई १८५८ साली जन्मल्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे. आई लक्ष्मीबाईंनीच लेकीला संस्कृत शिकविले. जवळचे द्रव्य तीर्थयात्रेत व दानधर्मात सरले, आणि दुष्काळाने कुटुंबास गाठले. १८७४ साली वडील गेले. मग आई अंथरुणास खिळली व तिने बाजरीची भाकर मागितली. सोळा वर्षांची रमा शेजारणीच्या दारी गेली. लाजेने तोंडातून शब्द फुटेना, डोळ्यांना धारा लागल्या. त्या बाईने मायेने विचारपूस करून भाकर दिली. पण आईला ती गिळवेना. अंगात तेवढेही त्राण उरले नव्हते. लवकरच ती गेली. पुढे थोरली बहीणही गेली.

१८८२ मध्ये पती बिपिनबिहारी वारले, तेव्हा मुलगी मनोरमा वर्षाचीही नव्हती. त्याच साली हंटर आयोगापुढे रमाबाईंनी बायकांसाठी स्त्री-डॉक्टर मागितल्या. १८८३ साली इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला.

दुष्काळात बाळंतिणीची दशा काय होते? घरात सर्वांचे झाल्यावर उरेल ते तिच्या वाट्याला येते. आई आपले शरीर झिजवून तान्ह्यास पाजीत राहते. पण उपासमार फार लांबली म्हणजे दूध आटते. मग बाळास पेजेचे पाणी देतात, तेही बहुधा अस्वच्छ, आणि हगवणीने ते दगावते. आमच्या मते रमाबाईंच्या कार्यातील ही बाजू आपण फार थोडी पाहिली आहे. त्यांनी आधी मुलींस जेवू घातले, मग पाटी हाती दिली.

१८९७ साली त्या स्वतः मध्यप्रांतात फिरल्या. गुजरातेच्या वेळी त्यांनी सहकारी स्त्रिया पाठविल्या. मुक्तिसदनातील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. आणलेल्यांपैकी कितीतरी जणी पोटभर अन्न समोर असूनही वाचल्या नाहीत. तरी विहिरी खणल्या गेल्या, शेते पिकली, गुरे पाळली गेली. १९२२ साली रमाबाई प्रभूकडे गेल्या. केडगावी आजही अनाथ बालके सांभाळली जातात.