नाथांच्या रूपकाचा दंश

फाल्गुन वद्य षष्ठी हा श्रीसंत एकनाथमहाराजांचा समाधिदिन. शके १५२१ मध्ये या तिथीस नाथांनी पैठण येथे देह ठेविला. आज गोदातीरी दिंड्या जमतात, गावोगावी भारुडे रंगतात. मात्र ज्या भारुडाला आपण मनमुराद हसतो, त्याचा अर्थ आपण कितीसा जाणतो?

संत भानुदासांच्या कुळात जन्मलेल्या नाथांचे मातृपितृछत्र बालपणीच हरपले. आजोबा चक्रपाणींनी त्यांचा सांभाळ केला. पुढे ते देवगिरीस जनार्दनस्वामींच्या सेवेत राहिले. तेथे हिशेबातील एका पैची चूक शोधण्यासाठी नाथांनी रात्र जागविली आणि ती सापडताच आनंदाने टाळी वाजविली, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. पैची चूक सापडल्याचा एवढा आनंद, तर संसाराच्या हिशेबातील चूक सापडल्यावर तो केवढा होईल, असे स्वामींनी शिष्यास सुचविले. रोजच्या वहीतून परमार्थ दाखविणारा हा दृष्टांतच होता.

पैठणास परतून नाथांनी गिरिजाबाईंसह गृहस्थाश्रम केला. शके १४९५ मध्ये काशीस त्यांची भागवताच्या एकादश स्कंधावरील टीका पूर्ण झाली. शके १५०६ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. परंतु ज्यांना अक्षरओळख नव्हती, त्यांच्यासाठी नाथ वासुदेव झाले, गोंधळी झाले, जोशी झाले.

उपमेत दोन वस्तू शेजारी राहतात व ‘सारखा’ हा शब्द त्यांना जोडतो. क्रोध विंचवासारखा म्हटले की ती उपमा. रूपकात ‘सारखा’ गळून पडतो. नाथांच्या भारुडात कामक्रोध हाच विंचू होऊन डसतो आणि त्यावर सत्त्वगुणाचा उतारा पडतो.

भवानीला रोडगा कबूल करणारे भारूड याहून अवघड. त्यातील सून सासरा, सासू, जाऊ आणि पतीही नाहीसा व्हावा असे मागणे मागते. शब्दशः ऐकल्यास वडीलधाऱ्यांचे मन दुखावते. पण ही सून म्हणजे जीव, तिचे सासर म्हणजे त्याला जखडणारे विकार, आणि तिला हवे असलेले एकटेपण म्हणजे आत्मस्वरूपी स्थिती होय. या अर्थाची साक्ष नाथांचे चरित्रच देते. ज्यांनी स्वतः संसार टाकिला नाही, अतिथीला विन्मुख धाडिले नाही, वाळवंटात पोळणारे अस्पृश्याचे मूल कडेवर घेतले, ते घरच्या माणसांचा द्वेष कसा शिकवितील?

तथापि रूपकाचा बाह्यार्थही पोकळ नव्हे. सासुरवास त्या श्रोत्या स्त्रियांचा रोजचा अनुभव होता. नाथांनी आधी तो ओळखला आणि मगच त्याला परमार्थाची वाट दाखविली. जिचे दुःख आपण ऐकलेच नाही, तिला वेदान्त सांगणे व्यर्थ आहे.

ठाण्याच्या वर्तकनगरातील एखाद्या घरी आज हे भारूड ऐकून मुलांनी विचारले, की ही सून असे का मागते, तर त्यांना गप्प बसवू नये. सासू कोण, विंचू कोण, हे त्यांनाच शोधू द्यावे. आणि घरात बोलताना आपणही एवढे जपावे, की रूपकाचा दंश विकाराला बसावा, माणसाला नव्हे. षष्ठीचे हेच खरे स्मरण.