एका दिवशी ७९, दुसऱ्या दिवशी ६९: स्कोअरचा भरवसा नसलेला बॉबी जोन्स गोल्फचा बादशहा कसा झाला?

साल १९२१. स्कॉटलंडमधलं सेंट अँड्र्यूज, म्हणजे गोल्फची पंढरीच. तिथं ब्रिटिश ओपनचा तिसरा राऊंड सुरू होता. अमेरिकेहून आलेला १९ वर्षांचा एक पोरगा पहिल्या ९ होल्सनाच ४६ फटके खर्च करून बसला होता. ११ व्या होलवर चेंडू वाळूच्या खड्ड्यात गेला आणि काही केल्या बाहेर निघेना. पोराचं डोकं फिरलं. त्यानं चेंडू उचलला आणि स्पर्धाच सोडून दिली.

हा पोरगा म्हणजे बॉबी जोन्स.

गोल्फ माहीत नसेल तर थोडक्यात सांगतो. १८ होल्स असतात आणि जितके कमी फटके तितकं चांगलं. चांगल्या खेळाडूला कुठल्या होलला किती फटके लागावेत याचा आकडा ठरलेला असतो, त्याला पार म्हणतात. सगळे मिळून साधारण ७२. पण हौसेनं गोल्फ खेळणाऱ्या कुणालाही विचारा, रडगाणं एकच: परवा ८५ झाले होते, आज ९८ कसे?

जोन्सही हौशीच होता, आणि आयुष्यभर हौशीच राहिला. बक्षिसाचे पैसे त्यानं कधी घेतले नाहीत. जन्म १७ मार्च १९०२ चा, अटलांटातला. लहानपणी सारखा आजारी. घर ईस्ट लेकच्या गोल्फ कोर्सजवळ होतं. तिथल्या स्टुअर्ट मेडन या स्कॉटिश गोल्फपटूच्या मागं मागं फिरायचं आणि त्याची नक्कल करायची, हीच याची शाळा. १४ व्या वर्षी गडी अमेरिकेच्या ॲमॅच्युअर स्पर्धेत क्वार्टर फायनलपर्यंत गेला.

सगळ्यांना वाटलं, आता हा जिंकतच सुटणार. पण पुढची ७ वर्षं एकही मोठी स्पर्धा हाताला लागली नाही.

हात चांगला होता, पण डोकं गरम. एक फटका चुकला की संताप, त्या संतापात दुसरा चुकायचा आणि मग क्लब हवेत भिरकावला जायचा. १९२१ मध्येच त्यानं फेकलेला क्लब एका प्रेक्षक बाईंच्या पायाला लागला. अमेरिकन गोल्फ असोसिएशनच्या अध्यक्षांनी सरळ तंबी दिली: राग आवरता येत नसेल तर आमच्या स्पर्धांमध्ये खेळू नका.

इथून तो बदलत गेला. समोरच्या खेळाडूशी लढणं सोडून तो पारशी खेळायला लागला. समोरचा कधी ढेपाळतो, कधी पेटतो, पार मात्र जागचा हलत नाही. आणि एका होलवर वाया गेलेले फटके पुढच्याच होलवर वसूल करायची घाई त्यानं सोडली. माझ्या मते त्याच्या खेळातली खरी सुधारणा हीच.

पण म्हणून स्कोअर एकसारखे आले का? अजिबात नाही.

१९२३ च्या यूएस ओपनमध्ये कप जवळपास हातात होता. शेवटच्या ३ होल्सना यानं पारपेक्षा ४ फटके जास्त घेतले आणि बरोबरी ओढवून घेतली. दुसऱ्या दिवशीच्या प्लेऑफमध्ये जिंकला, ती त्याची पहिली मोठी स्पर्धा.

१९२९ तर कहरच. विंग्ड फूटवरच्या यूएस ओपनचा पहिला राऊंड ६९ चा. शेवटच्या राऊंडला मोठी आघाडी होती, तरी दोन होल्सवर प्रत्येकी ७ फटके घेतले आणि स्कोअर झाला ७९! एकच माणूस, एकच मैदान, १० फटक्यांचा फरक. अखेरच्या होलवर साधारण १२ फुटांवरून चेंडू आत गेला म्हणून कशीबशी बरोबरी झाली. दुसऱ्या दिवशी ३६ होल्सच्या प्लेऑफमध्ये त्यानं ७२ आणि ६९ केले आणि अल एस्पिनोझाला २३ फटक्यांनी हरवलं. काल ७९ करणारा तो हाच.

मधल्या काळात इंजिनिअरिंगची पदवी झाली, हार्वर्डमधून इंग्रजी साहित्य झालं आणि पठ्ठ्या वकीलही झाला. वर्षातून मोजक्याच स्पर्धा खेळायचा.

१९३० मध्ये त्यानं ब्रिटन आणि अमेरिका, दोन्हीकडच्या ओपन आणि ॲमॅच्युअर अशा चारही स्पर्धा एकाच वर्षात जिंकल्या. त्यातल्या ब्रिटिश ओपनच्या शेवटच्या राऊंडला, २ फटक्यांत ग्रीनजवळ पोचूनही, ८ व्या होलवर त्यानं ७ फटके घेतले होते. १९२१ चा जोन्स असता तर चेंडू उचलून निघून गेला असता. हा खेळत राहिला आणि २ फटक्यांनी जिंकला. त्याच वर्षी, २८ व्या वर्षी, त्यानं स्पर्धात्मक गोल्फ सोडलं. पुढं ऑगस्टा नॅशनल हा कोर्स उभा केला, जिथं आज मास्टर्स होते.

मग मणक्याचा असाध्य आजार जडला. आधी काठी, मग व्हीलचेअर. १८ डिसेंबर १९७१ ला तो गेला.

त्याआधी १९५८ मध्ये सेंट अँड्र्यूजनं, जिथं त्यानं खेळ अर्धवट सोडला होता, त्याला शहराचं मानद नागरिकत्व दिलं. त्याच्याआधी हा मान मिळालेला अमेरिकन होता बेंजामिन फ्रँकलिन.