पाप्वा सेवगोलम

गोल्फचा खेळ आमच्या गोरेगावच्या बहुतेक विद्यार्थ्यांनी प्रत्यक्ष पाहिलेला नसेल. इंग्रजांबरोबर तो १८२९ साली कलकत्त्यास व १८४२ साली मुंबईस आला. परंतु आमच्या धानाच्या बांध्यांपर्यंत त्याची मजल गेली नाही. तथापि ज्या पुरुषाचे चरित्र येथे देण्याचे आम्ही योजिले आहे, त्याची थोरवी या खेळाचे मुख्य नियम जाणल्यावाचून कळावयाची नाही. म्हणून ते चरित्राच्या ओघातच सांगतो.

१८६० पासून हिंदुस्थानातील हजारो गरीब माणसे मजुरीचा करार करून दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रांतात उसाच्या मळ्यांवर गेली. अशा हिंदी वस्तीतल्या एका दरिद्री घरात, दोन महायुद्धांच्या मधल्या काळात, डर्बन शहरी सेवसंकर सेवगोलम यांचा जन्म झाला. या नावात आपले शिवशंकर ओळखण्यास फारसे आयास पडत नाहीत. लोक मात्र त्यांस पाप्वा म्हणत. शाळेचे शिक्षण त्यांस लाभले नाही. पोटासाठी ते लहानपणीच गोऱ्यांच्या मैदानावर कॅडी झाले. म्हणजे खेळणाराच्या काठ्यांची पिशवी वाहणे व हरवलेला चेंडू शोधणे हे त्यांचे काम. खेळणाऱ्याने सल्ला घ्यावयाचा तो आपल्या कॅडीचाच, प्रतिस्पर्ध्याचा नव्हे, असा या खेळाचा नियमच असल्याने हुशार कॅडीस खेळाचे मर्म आपोआप कळते. पाप्वांची शाळा हीच.

आता खेळाकडे वळू. मैदानात एकामागून एक अठरा टप्पे असतात व प्रत्येकाच्या शेवटी सव्वाचार इंच रुंदीचा एक खळगा असतो. काठीने चेंडू मारीत मारीत त्यात घालावयाचा. ज्याचे टोले सर्वांत कमी, तो जिंकला. चेंडूवर उगारलेली काठी हुकली तरी तो टोला मोजला जातो. चेंडू जेथे पडेल तेथूनच, जसा असेल तसाच मारावयाचा. पायाने सरकविणे किंवा मागील गवत दाबणे वर्ज्य. फक्त खळग्याभोवतीच्या कातरलेल्या हिरवळीवर खूण ठेवून तो उचलता व पुसता येतो. चेंडू पाण्यात गेला (आमच्याकडे असता तर हटकून एखाद्या बोडीत गेला असता!) तर एक टोला दंड सोसून नियमाने ठरलेल्या जागी नवा ठेवावा. चेंडू हरवला अथवा हद्दीबाहेर गेला तर दंड अधिक जड असतो, कारण एक टोला वाढतो आणि पुन्हा पहिल्याच जागेवरून मारावे लागते. शोधण्यास पाप्वांच्या काळी पाच मिनिटे मिळत. २०१९ पासून ती तीन झाली. काठ्या चौदांहून अधिक बाळगता येत नाहीत. सर्वांत नवल असे की, प्रत्येक खेळाडूच्या मागे पंच फिरत नाही. झाडीत कोणी पाहत नसताही आपला दंड आपणच सांगावयाचा व टोल्यांच्या नोंदपत्रावर सही करावयाची.

काठी कशी धरावी, हे मात्र नियमांत सांगितलेले नाही. उजवा खेळाडू डावा हात वर व उजवा खाली धरतो. पाप्वा नेमके उलट धरीत. शिकविणारा कोणी नव्हता, म्हणून कदाचित हे जमले! सुगंधी प्रसाधनांचे कारखानदार ग्रॅहम वुल्फ यांच्याकडे ते चाकरीस होते. या गृहस्थांनी त्यांचा खेळ पाहून १९५९ साली त्यांस स्वतःच्या विमानाने युरोपास नेले. त्याच वर्षी पाप्वांनी हॉलंडची खुली स्पर्धा जिंकली. पुढे १९६० व १९६४ सालीही तीच जिंकली.

स्वदेशी मात्र १९४८ पासून वर्णभेदाचे राज्य चालू होते. गोऱ्यांबरोबर खेळण्यास सरकारी परवाना लागे. १९६३ साली तो मिळून पाप्वा नाताळच्या खुल्या स्पर्धेत उतरले आणि पहिले आले. त्या दिवशी पाऊस पडत होता. गोरे खेळाडू क्लबाच्या इमारतीत निवाऱ्यास होते. पाप्वांस आत प्रवेश नव्हता, म्हणून विजेत्याचे बक्षीस त्यांनी बाहेर पावसात उभे राहून स्वीकारले. आपल्या वाचकांस येथे पुण्याचे पळवणकर बाळू आठवतील. मैदानावर त्यांची गोलंदाजी हवी असे, आणि चहा मात्र बाहेर मातीच्या भांड्यात मिळे. पाप्वांचे ते छायाचित्र देशोदेशी छापले गेले व दक्षिण आफ्रिकेच्या सरकारची मोठी नाचक्की झाली.

१९६५ साली तीच स्पर्धा पाप्वांनी पुन्हा जिंकली, तीही गॅरी प्लेयर यांस मागे टाकून. हे प्लेयर १९५९ साली ब्रिटिश ओपन व १९६१ साली अमेरिकेतील मास्टर्स जिंकलेले जगप्रसिद्ध वीर होते. सरकारने याचे उत्तर मैदानावर दिले नाही. पुढल्या वर्षी पाप्वांचा परवाना बंद करून गोऱ्यांच्या स्पर्धांची दारे त्यांस लावण्यात आली. त्यांनी चेंडू हलविला नव्हता, टोला लपविला नव्हता. खेळाच्या कोणत्याही पुस्तकात त्यांचा अपराध सापडत नाही. हातात कला असून ती दाखविण्यास जागा नाही, अशा स्थितीत त्यांची उमेदीची वर्षे गेली. १९७८ साली ते दारिद्र्यातच वारले. वर्णभेदाचे राज्य १९९४ साली संपले. डर्बन येथे उमगेनी नदीकाठच्या एका गोल्फ मैदानास त्यांचे नाव देण्यात आले आहे.