ख्रिस्तपुराणकार फादर थॉमस स्टीफन्स

ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं आम्ही उमरेडचे भाविक परमेश्वराचे आभार मानीत असतां, आमच्या मायबोलींत ख्रिस्तचरित्र गाणाऱ्या एका थोर धर्मगुरूंचें स्मरण करणें उचित होय. त्यांच्या ग्रंथाची कीर्ति सर्वश्रुत आहे. परंतु इंग्लंड व पोर्तुगाल या दोन राज्यांच्या झगड्यांत त्यांच्यावर आलेला कसोटीचा प्रसंग फारसा कोणी सांगत नाहीं.

फादर स्टीफन्स यांचा जन्म इ. स. १५४९ च्या सुमारास इंग्लंडांतील विल्टशायर परगण्यांत झाला. एलिझाबेथ राणीच्या अमदानींत तेथें कॅथलिक धर्माचें आचरण करणें अपराध ठरलें होतें. त्यांचे स्नेही थॉमस पाउंड बंदिवासांत पडले. स्टीफन्स मात्र रोमला पोहोंचून १५७५ सालीं येशूसंघांत दाखल झाले. ४ एप्रिल १५७९ रोजीं लिस्बनहून निघून २४ ऑक्टोबर रोजीं ते गोव्यास उतरले.

इंग्लंड व पोर्तुगाल यांची मैत्री जुनी. १३७३ सालचा तह तिचा पाया होय. परंतु १५८० सालीं पोर्तुगालचा मुकुट स्पेनच्या फिलिप राजाकडे गेला. स्पेनचें इंग्लंडशीं वैर असल्यामुळें गोव्यांत प्रत्येक इंग्रज संशयास पात्र झाला. अशांत १५८३ सालीं राल्फ फिच, जॉन न्यूबेरी, विल्यम लीड्स व जेम्स स्टोरी या चौघां इंग्रजांस होर्मुझ येथें धरून गोव्याच्या तुरुंगांत टाकण्यांत आलें. हे हेर आहेत, असा त्यांच्यावर वहीम होता.

स्टीफन्स यांची स्थिति किती अवघड होती, हें वाचकांनीं मनांत आणावें. अवघ्या दोन वर्षांपूर्वीं याच राणीच्या राज्यांत त्यांच्या संघाचे फादर एडमंड कॅम्पियन यांस देहान्त शासन झालें होतें. शिवाय, इंग्रजांचा कैवार घेतल्यास पोर्तुगीज अधिकाऱ्यांची मर्जी जाण्याचें भय होतेंच. तरीही त्यांनीं या संकटग्रस्त देशबांधवांसाठीं रदबदली केली. आर्चबिशपांच्या पदरीं असलेले डच गृहस्थ लिन्सखोटेन यांनींही साह्य केलें, आणि डिसेंबरांत कैदी जामिनावर सुटले.

स्टोरी हा चित्रकार होता. तो गोव्यांतच राहिला. बाकीचे तिघे १५८४ सालीं जामीन मोडून पळाले. या उपकाराची ही फेड शोभली नाहीं, हें आम्ही झांकून ठेवीत नाहीं. फिच १५९१ सालीं लंडनला परतला, आणि १६०० सालीं स्थापन झालेल्या ईस्ट इंडिया कंपनीस त्याचा अनुभव उपयोगी पडला. फादर स्टीफन्स यांनीं मात्र ना राजकारण पाहिलें, ना लाभ. बंदिवानांची विचारपूस करावी, ही प्रभूची आज्ञा त्यांनीं पाळिली.

पुढें त्यांनीं साष्टी प्रांतांतील लोकांच्या सेवेंत आयुष्य वेंचिलें. १६१६ सालीं राचोल येथें त्यांचें ख्रिस्तपुराण छापून निघालें. त्यांत जवळजवळ अकरा हजार ओव्या आहेत. १६१९ सालीं गोव्यांतच त्यांनीं देह ठेविला. त्यांचें कोंकणी व्याकरण १६४० सालीं प्रसिद्ध झालें. त्याच वर्षीं पोर्तुगाल स्पेनपासून स्वतंत्र झालें, आणि १६६१ सालीं कॅथरिन राजकन्येच्या विवाहाच्या तहानें इंग्लंडशीं जुनी मैत्री पुन्हां जुळून मुंबई बेट इंग्रजांस आंदण मिळालें.

राजांचे तह होतात आणि मोडतात. पोर्तुगीज आश्रयाखालीं राहून एका इंग्रज धर्मगुरूनें मराठींत रचिलेल्या ओव्या मात्र आजही टिकून आहेत. शत्रु-मित्र न पाहतां सेवा करण्याची त्यांची वृत्ति आमच्या धर्मग्रामांत सदैव नांदो, हीच परमेश्वरचरणीं प्रार्थना.