प्रश्नांसह जपलेली श्रद्धा : पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाईंचे नाव स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात आदराने घेतले जाते. त्यांच्या धर्मांतराचा उल्लेख मात्र बहुधा घाईने उरकला जातो. कोणी तो अभिमानाने करतो, कोणी खंतावून. परंतु बाप्तिस्मा ही एका दिवसाची घटना. त्यानंतरची सुमारे ३९ वर्षे रमाबाईंनी आपली ख्रिस्तनिष्ठा कशी सांभाळली, हा भाग अधिक मोलाचा आहे.

२३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात त्यांचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले आणि लक्ष्मीबाईंनी ते ज्ञान लेकीला दिले. तीर्थक्षेत्री पुराणे सांगत हे कुटुंब भारतभर हिंडले. पुढे दुष्काळ आला. होते नव्हते ते दानधर्मात आणि व्रतवैकल्यांत संपले, तरी देव पावला नाही. आई, वडील आणि थोरली बहीण अल्पावधीत गेली. आईला स्मशानात नेण्यास चार माणसे जमली नाहीत, तेव्हा रमाबाईंनी स्वतः तिरडी धरली आणि उंची कमी पडल्यामुळे तिचा भार डोक्यावर घेतला. श्रद्धेला पहिला तडा गेला तो या वाटेवर.

१८७८ मध्ये भाऊ श्रीनिवास यांच्यासह त्या कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या देऊन गौरविले. मात्र धर्मशास्त्रांचे अध्ययन जसजसे वाढले, तसतसे स्त्रिया आणि शूद्र यांच्याविषयी त्या ग्रंथांत जे लिहिले आहे ते त्यांना मान्य होईना. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी जातीचे बंधन झुगारून बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी विवाह केला. आसामातील सिल्चर येथे त्यांच्या हाती बंगाली भाषेतील लूकचे शुभवर्तमान पडले. पतीला मात्र त्यांनी ख्रिस्ती व्हावे हे पसंत नव्हते. १८८२ मध्ये कॉलऱ्याने त्यांचे निधन झाले आणि कडेवर तान्ही मनोरमा घेऊन रमाबाई पुण्यास आल्या. तेथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. १८८३ मध्ये वैद्यकी शिकण्याच्या हेतूने त्यांनी इंग्लंड गाठले. परंतु ऐकू कमी येत असल्याने तो मार्ग बंद झाला.

वाँटेज येथील जोगिणींच्या मठात त्यांची राहण्याची सोय झाली होती. लंडनजवळच्या फुलहॅम येथे समाजाने टाकलेल्या स्त्रियांना या जोगिणी मायेने सांभाळताना त्यांनी पाहिले आणि अशा करुणेचे मूळ कोठे आहे हे त्या शोधू लागल्या. ते त्यांना ख्रिस्ताच्या ठायी सापडले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. पुण्यात संतापाची लाट उसळली. इकडे वाँटेजमध्ये आता रमाबाई निमूटपणे चर्चची शिकवण स्वीकारतील, अशी अपेक्षा होती. तीही फोल ठरली.

त्रैक्याचा सिद्धांत त्यांच्या बुद्धीला पटेना. ख्रिस्ताचा कुमारिकेपोटी जन्म, बायबलातील चमत्कार, धर्मगुरूंचा अधिकार यांविषयी त्यांनी सिस्टर जेराल्डीन यांना पत्रामागून पत्रे लिहून प्रश्न केले. क्रुसावरील अक्षरे लॅटिन नसावीत, संस्कृत असावीत, असा त्यांचा आग्रह होता. कारण लॅटिन त्यांच्या देशबांधवांना समजणार नव्हते. मांसाहाराला त्यांनी ठाम नकार दिला. त्यांनी पुरुषांना शिकविण्यास बिशपांनी हरकत घेतली, तेव्हा तिचाही त्यांनी जोरदार प्रतिवाद केला. सिस्टरांना यात अहंकार दिसे. वस्तुतः जन्माच्या धर्मातील आचार्यांचे शब्द ज्या बुद्धीने पारखून घेतले, तीच बुद्धी बिशपांपुढे गहाण टाकणे रमाबाईंना अप्रामाणिकपणाचे वाटत होते. ख्रिस्तावरील निष्ठा आणि चर्चची आज्ञा या दोन गोष्टी त्यांनी कधी एक मानल्या नाहीत. म्हणूनच चर्चशी मतभेद विकोपाला गेले, तरी ख्रिस्त सुटला नाही.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या. तेथील हितचिंतकांच्या साह्याने ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केले. पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झाल्या. सदनात धर्मप्रसार करावयाचा नाही, असे ठरले होते. सदन पुण्यास हलले आणि १८९१ च्या सुमारास रमाबाईंना एक जाणीव झाली : आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण ख्रिस्त अजून आपल्याला भेटलेला नाही. वादविवादाने जे लाभले नव्हते, ते त्यांना आत्मसमर्पणाने लाभले. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांचे मन स्थिरावले, ते असे.

या स्थैर्याची किंमत मोठी होती. त्यांच्या प्रार्थनेच्या वेळी दार उघडे असे आणि मुली आपण होऊन येऊन बसत. पालक अस्वस्थ झाले, वृत्तपत्रांतून टीका झाली आणि १८९३ मध्ये सल्लागार मंडळाने राजीनामे दिले. अनेक मुली काढून घेतल्या गेल्या. तटस्थतेचा शब्द पाळला गेला नाही, ही पालकांची तक्रार निराधार म्हणता येणार नाही. कोवळ्या मुलींवर श्रद्धेय शिक्षिकेचा प्रभाव पडतोच. पण दार लावून प्रार्थना करणे रमाबाईंना स्वतःशी प्रतारणा वाटे. हा पेच त्यांच्या हयातीत पुरता सुटला नाही. पुढे केडगावचे मुक्ती सदन उघडपणे ख्रिस्ती संस्था म्हणूनच उभे राहिले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून सुमारे ३०० मुली आणल्या. तिरडीचा भार डोक्यावर घेतलेल्या त्या मुलीने दुष्काळाला दिलेले हे उत्तर होते. शेती, विणकाम, छपाई, अंध मुलींसाठी ब्रेल असे शिक्षण तेथे मिळू लागले.

आयुष्याच्या उत्तरार्धात रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषांचा अभ्यास करून बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. खेड्यातील, अल्पशिक्षित बाईलाही कळेल अशी मराठी त्यांना हवी होती. दुसऱ्याच्या अर्थावर विसंबून न राहता मूळ शब्दापर्यंत स्वतः जाण्याची ही वृत्ती वाँटेजच्या पत्रांतलीच होय. फक्त आता तिला तक्रारीची धार उरली नव्हती. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली. ज्या लेकीच्या हाती संस्था सोपवायची, तीच आधी गेली. तरीही भाषांतराचे काम थांबले नाही. ते तडीस नेऊन ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

महाराष्ट्राबाहेर जन्मलेल्या आणि देशभर भटकत वाढलेल्या या विदुषीने घरातून मिळालेली मराठी अखेरपर्यंत जपली व आपले सर्वांत मोठे काम तिलाच वाहिले. लक्ष्मीबाई नगरसारख्या दिल्लीच्या वसाहतींत मायबोली जपणाऱ्या घरांना त्यांच्याविषयी जवळीक वाटावी, याचे हे एक कारण. दुसरे कारण धर्मापलीकडचे आहे. मुले प्रश्न विचारू लागली की ती हातची गेली, असे अनेकदा वडीलधाऱ्यांना वाटते. रमाबाईंचे चरित्र त्यांना धीर देते. त्यांनी आयुष्यभर प्रश्न विचारले, आणि जे पारखून घेतले ते आयुष्यभर सोडले नाही.